आप्पांच्या कमरेएवढं पाणी

ज्या जमिनीच्या चारी बाजूंना पाणी असतं तिला बेट म्हणतात, ही व्याख्या मी लहानपणी शाळेत पाठ केली. घरी येऊन वडिलांना विचारलं, "आप्पा, मग आपलं गाव बेट आहे का?" आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून होते आणि कुठल्याही प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "हंगामी."

गाव वेदगंगेच्या काठी आहे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला गावाला वळसा घालून नदीला मिळणारा ओढा. बाहेर पडायला दोनच वाटा. नदीवरच्या बंधाऱ्यावरून पलीकडे महाराष्ट्रात जाता येतं, नाहीतर ओढ्यावरच्या मोरीवरून निपाणीला. नदी फुगली की आधी बंधारा बुडतो. मग नदीचं पाणी उलटं ओढ्यात शिरतं आणि मोरी बुडते. या फुगवट्याच्या पाण्याला ओढ नसते. बसायला आलेल्या आणि उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखं ते रस्त्यावर पसरून असतं. लगेच कुणाला काही करत नाही, पण सगळ्यांची कामं अडवतं.

आप्पांना मात्र वखारीत जावंच लागे. ते गावात सगळ्यांपेक्षा उंच होते. पँट गुडघ्याच्या वर दुमडायची, चपला आणि डबा एका पिशवीत घालून ती गळ्यात अडकवायची, छत्री टेकत मोरीच्या मध्यापर्यंत जायचं, आणि तिथं गावाकडं तोंड करून उभं राहायचं. काठावर जमलेली माणसं त्यांच्याकडं बघत. पाणी घोट्याला असलं तर कुणी काही बोलत नसे. गुडघ्याला लागलं की बस बंद. मांडीला आलं की ट्रॅक्टरही बंद. कमरेला आलं की आप्पा परत फिरत आणि सगळा गाव सुट्टी घेई.

हे इतकी वर्षं चाललं की गावात पाण्याला दुसरं मापच उरलं नाही. पूर आठवायचा तो आप्पांच्या अंगावर. "थोरलीचं लगीन झालं त्या साली आप्पाच्या गुडघ्याला पाणी." "आमची म्हस व्याली तवा मांडीला." आप्पांना याची गंमत वाटे. "ज्या गावात माझ्या आज्ज्याला पाण्याला शिवू देत नव्हते," ते चहा पिता पिता सांगायचे, "त्या गावानं पाणी मोजायला मलाच उभा केलाय." आणि मोठ्यानं हसायचे. मला ते हसू लहानपणी नुसतं हसूच वाटे.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि मी बेळगावला कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर परतले. पुस्तकं जागच्या जागी लावण्याचं काम दुःखात बरं असतं. हात चालू राहतात आणि कुणी फार बोलत नाही. पण दर शनिवारी गावी जायचं, आणि दर शनिवारी आईशी तेच भांडण.

आईनं पावसाळ्याचे महिने माझ्याकडं यावं, असं माझं म्हणणं होतं. तिला रक्तदाबाचा त्रास आहे, अधूनमधून चक्कर येते. रस्ता बुडाला तर मी निपाणीपर्यंत येऊन काठावर उभी राहणार, आणि ती ओढ्यापलीकडं. आप्पा होते तोवर हा विचार कधी मनात आला नव्हता. आईचं म्हणणं होतं की घर सोडून ती कुठंही जाणार नाही.

"तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावर मी काय करू गं? खाली बघितलं तर माणसांची टकली दिसत्यात."

"आई, चक्कर आली तर तुला कोण नेणार?"

"भावजी हायत की."

भावजी म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, आमचे अण्णा. ते शेजारीच राहतात. अण्णा उंचीनं आप्पांच्या खांद्याला लागायचे आणि आवाजानं त्यांच्या दुप्पट होते. "मी हाय ना पोरी," ते कुंपणापलीकडून ओरडत, "वैनीला पाठीवर घिऊन जाईन!" त्यावर आई हळूच म्हणे, "दोघंबी जाऊ मग तळाला."

मे महिन्यात अशाच एका शनिवारी मोरीपाशी एक जीप उभी दिसली. पावसाचं मान बदलतंय, तर पुढच्या काळात कुठले रस्ते आणि पूल धोक्यात येतील याची पाहणी चालली होती. बेळगावहून आलेली एक तरुण इंजिनिअर बाई, तिपाईवरची दुर्बीण आणि ती सांभाळणारा मदतनीस, एवढंच पथक. बाईंची घरची भाषा कानडी. मराठी बोलायच्या ती बेळगावी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'री' लावून.

त्यांनी पारावर बसलेल्यांना विचारलं, "पूर येतो तेव्हा मोरीवर पाणी किती येतंय री?"

पारावरच्या एका म्हाताऱ्यानं लगेच सांगितलं, "पूर्वी आप्पाच्या गुडघ्यापतोर यायचं. आता कंबर सोडत न्हाय."

"गेल्या खेपंला छातीला," दुसरा म्हणाला.

बाईंनी लिहून घेतलं. मग मोरीकडं बघितलं, परत पाराकडं बघितलं. "आप्पा म्हणजे कुठला दगड री? तो दाखवता काय?"

मग कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं. "दगुड न्हाय बाई. हिचा बा."

बाई ओशाळल्या. मीही त्यांच्याइतकीच ओशाळले, पण हसू आवरेना. आप्पा गेल्यापासून मी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर हसत होते, आणि ते बघून पारावरची माणसं बिचकली.

मी त्यांना घरी चहाला नेलं. तिथं त्यांनी अडचण सांगितली. मोरी उंच करायच्या कामांची पहिली यादी त्यांच्या अहवालावरून होणार होती. यादीत यायचं तर आधीचं पाणी त्या जागी किती उंच चढलं होतं, याचा काहीतरी धरता येईल असा पुरावा हवा. नदीवर मोजमाप होतं, पण ते बरंच लांब. आमच्या ओढ्यावर काहीच नव्हतं. एरवी गावात भिंतीवर खूण सापडते. आमच्या शाळेच्या भिंतीवर एक होती, ती रंगकामात पुसली गेली होती.

"खूण कोण करणार?" आई म्हणाली. "आमचं मानूस हुतं की उभं."

"पुरावा नसला तर?" मी विचारलं.

"मग 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिणार. अशी गावं मागं राहतात री. मला पण बरं वाटत नाही."

म्हणजे रस्ता आहे तसाच राहणार, आणि दर पावसाळ्यात आई पलीकडं अन् मी अलीकडं. मी कपाटाकडं बघितलं. कार्यक्रमानंतर आप्पांचे कपडे वाटून टाकले होते, पण एक पँट आणि एक सदरा आईनं ठेवून घेतला होता. ते मी मागितले. आईनं काही न विचारता काढून दिले.

माझी कल्पना साधी होती. गुडघा, कंबर, छाती ही सगळी मापं या कपड्यांत असणार. मोरीवर आकडे लिहिलेली लांब पट्टी उभी करायची, तिला कपडे लावायचे आणि वाचायचं. कागदावर ही कल्पना फार चांगली दिसली असती. प्रत्यक्षात भर उन्हात, अर्ध्या गावासमोर, मोरीच्या मध्यावर आप्पांची तपकिरी पँट पट्टीला बांधून उभी केली तेव्हा ती वाऱ्यानं फुगली आणि एक पाय उचलून निपाणीकडं निघाली.

"आप्पा चालला बघा वखारीला!" कुणीतरी ओरडलं.

गुडघ्याचं माप सहज मिळालं. वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडून पँटीवर पक्की घडी पडली होती, ती इस्त्रीलाही दाद देत नव्हती. कमरेवर मात्र वाद पेटला.

"पाणी कंबरंला म्हंजी पट्ट्याला," एक जण म्हणाला.

"पट्टा हुता कुठं त्येचा? बेंबीच्या वर!" अण्णा ओरडले. "त्यो पँट छातीला बांधायचा."

"मग आमी कंबर म्हणत हुतो ती काय?"

"तुमी लांबून बघत हुता. तुमाला काय दिसतंय?"

"आन तू जवळनं बघत हुतास व्हय? तुझं डोस्कं तर पाण्याखाली असायचं!"

लोक हसले. बाई गोंधळल्या. "कंबर नक्की कुठली धरूया री?"

आई मोरीजवळच्या चिंचेखाली बसली होती. पदर सावरत उठली, मोरीवर आली, आणि पट्टीवरची पँट दोन बोटं खाली ओढली. "हितं," ती म्हणाली. "वर बांधायचे, पर चालून चालून हितं यायची." आणि परत जाऊन बसली. बाईंनी आकडा लिहिला. त्यावर कुणी हरकत घेतली नाही. इतकी वर्षं ती पँट धुणारी बाई बोलली होती.

मग बाईंनी एक शंका काढली, ती माझ्या लक्षातच आली नव्हती. म्हातारपणी माणूस खचतो. आप्पा शेवटी शेवटी वाकले होते. मग जुन्या काळची छाती आणि अलीकडची छाती एकच कशी धरायची? पाणी चढलं, की आप्पा उतरले?

पारावरच्या म्हाताऱ्याला हा गावाचा अपमान वाटला. "म्हंजी आमचा पूर खोटा व्हय?"

"खोटा नाही म्हणत री आजोबा. पण वरचे साहेब विचारणार."

बाईंनीच मग समजावलं. माणूस खचतो तो मुख्यतः पाठीच्या कण्यात. पायांची उंची फारशी कमी होत नाही. म्हणजे गुडघा आणि कंबर कुठल्याही वयातले चालतील, अडचण फक्त छातीची. शिवाय त्यांनी रस्त्याची कड उकरून बघितली. दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर जुन्यावर पडत आला होता, म्हणजे मोरीवरचा रस्ता मुळात होता त्यापेक्षा वर आलेला होता. नंतरच्या काळात आप्पा अधिक उंचावर उभे राहत होते, आणि तरीही ज्या पाण्यानं पूर्वी त्यांचा गुडघा गाठला ते आता सहज कमरेला येत होतं. उन्हात उभी राहून मी हे ऐकत होते. रस्ता वर चालला होता, माणूस तिथंच होता, आणि पाणी दोघांच्याही पुढं गेलं होतं. घरात बसून मी पावसाळ्याला 'बदलला' म्हणत असे. किती बदलला ते असं माझ्या वडिलांवर मोजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

राहिला शेवटचा मोठा पूर. सगळं त्यावरच अडलं होतं. "छातीला" या एका शब्दावर मोरी यादीत येणार होती किंवा नाही, आणि आप्पांची छाती त्या वर्षी नक्की कुठं होती हे सांगायला आप्पा नव्हते.

"त्या दिवशी ते किती वाकलेले होते, आठवतंय का कुणाला?" बाईंनी विचारलं.

लोक आपापसांत बोलू लागले. कुणी म्हणे चांगले ताठ होते, कुणी म्हणे काठी होती. एकानं तर ते पाण्यात कसे उभे होते ते करून दाखवलं, हातात छत्रीसुद्धा धरली. तेवढ्यात चिंचेखालून आई म्हणाली, "त्या वर्सी ते पाण्यात गेलेच न्हाईत."

छत्री धरलेला हात तसाच वर राहिला.

"गुडघं गेलं हुतं त्येंचं," आई म्हणाली. "घरात बसून हुते. मी शेक देत हुते की."

"मग छातीला कसं म्हणतोय सगळा गाव?" म्हातारा म्हणाला. "मी ऐकलंय माझ्या कानानं. छातीला हाय म्हणून कुणीतरी सांगत आलतं."

"कोण सांगत आलतं?" मी विचारलं.

कुणालाच आठवेना. आणि मग माझ्या लक्षात आलं की अण्णा एवढा वेळ गप्प आहेत. अण्णा गप्प असणं म्हणजे मोरी बुडण्याइतकीच मोठी घटना. ते रस्त्याच्या कडेला वाकून आपल्या चपलेचा अंगठा तपासत होते.

"अण्णा?"

"मी गेलतो," अण्णा म्हणाले.

"तू?" पारावरचे सगळे एकदम म्हणाले.

"व्हय मी! न्हायतर कोण? दादाला उठता येत न्हवतं. म्हणाला, जा, बघून ये. गेलो. माझ्या गळ्याला लागलं पाणी." त्यांनी हनुवटीखाली बोटांनी रेघ ओढली. "हितं. परत आलो, त्येला सांगितलं. तर म्हणाला, गावाला जाऊन सांग, माझ्या छातीला हाय."

"असं का म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"तुझ्या गळ्याचं कोण ऐकणार, म्हणाला." अण्णांनी आवाज चढवायचा प्रयत्न केला, पण तो काही चढला नाही. "बरोबरच म्हणाला. अण्णाच्या गळ्याला पाणी म्हटलं असतं, तर तुमी म्हणला असता, त्येच्या गळ्याला काय, तांब्याभर पाणी लागतंय."

कुणीतरी हसायला सुरुवात केली, पण पुढं हसलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते दोघे आले. एक खाटेवर, एक ओला, दाराशी उभा. खाटेवरच्यानं आपली छाती उसनी दिली होती आणि दारातल्यानं ती मुकाट्यानं गावभर फिरवली होती. आयुष्यभर सगळ्या बाबतीत भावाशी वाद घालणाऱ्या या माणसानं ही एकच गोष्ट वाद न घालता केली होती आणि कुणाला सांगितली नव्हती.

बाईंचा चेहरा मात्र उजळला होता. "म्हणजे ज्याच्या अंगाला पाणी लागलं तो माणूस इथं आहे री! या अण्णा, या. पट्टीपाशी उभे राहा."

आप्पांची पँट उतरवली गेली. अण्णा मोरीच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. आधी सदऱ्याची गुंडी लावली, मग केसांवरून हात फिरवला, मग गावाकडं तोंड केलं. बाईंनी दुर्बिणीतून बघितलं आणि ओरडल्या, "टाचा खाली टेका री अण्णा!"

"टेकल्यात!"

"नाही टेकल्या. मला दिसतंय."

"भावजी," आई चिंचेखालून म्हणाली, "तुमी जेवढं उंच व्हाल तेवढं पाणी वाढंल. खोटं व्हईल त्ये."

अण्णांनी टाचा टेकल्या. बाईंनी गळ्याचा आकडा घेतला, पुन्हा तपासला, मदतनीसाला वाचायला लावला. मग त्यांनी त्या वर्षी मोरी ओलांडू न शकलेल्या तिघा-चौघांना वेगवेगळं गाठून विचारलं, आणि पाणी कुठल्या शेताच्या बांधाला टेकलं होतं ती जागा दुर्बिणीतून बघितली. अण्णांचा गळा आणि तो बांध एकाच उंचीला निघाला. आपला गळा शेताच्या बांधाशी जुळला, हे अण्णा त्यानंतर कितीतरी दिवस येईल त्याला सांगत होते.

जाताना बाईंनी जरा कडक आवाजात बजावलं, की यापुढं कुणीही पाण्यात उतरून पाणी मोजायचं नाही. फुगवट्याचं असलं तरी नाही. खाली रस्ता खचलेला असू शकतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णा म्हणाले, "मग कळायचं कसं?"

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मोरी पहिल्या यादीत आली होती. मी ग्रंथालयात होते. फोन ठेवला आणि कपाटांच्या दोन रांगांच्या मधे जाऊन थोडा वेळ उभी राहिले. पण त्यांनी पुढचंही सांगितलं होतं. काम या पावसाळ्याच्या आत होणं शक्य नव्हतं. म्हणजे माझं आणि आईचं भांडण आणखी एक वर्ष तरी तसंच राहणार होतं.

त्या शनिवारी मी ते पुन्हा काढलं. आई भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "येते मी."

मला खरं वाटेना.

"लगीच न्हवं. आधी घरी ऱ्हाणार. पाणी चढाय लागलं, की गुडघ्याला आलं म्हणल्यावर येते."

"आई, गुडघ्याला आल्यावर बस बंद होते. मग कशी येणार?"

"त्येंच्या गुडघ्याला आल्यावर बस बंद हुती," आई म्हणाली. "मी माझ्या गुडघ्याचं बोलतीया."

मी तिच्याकडं बघितलं. पाटावर बसलेली माझी आई. तिचा गुडघा आप्पांच्या पोटरीपाशीच कुठंतरी येत असणार. तेवढ्या पाण्यात बस अजून चालू असते.

"पण तू पाण्यात उतरायचं नाहीस. बाईंनी सांगितलंय."

"उतरतंय कोण? मोरीच्या कडेला दगुड हाय की एक, माझ्या गुडघ्याएवढा. भावजींनी माझ्या शेजारी ठिवून बघितलाय. त्यो बुडला की पिशवी भरायची." तिनं पुढची भाकरी घेतली. "पर वसरलं की परत यायचं. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मी दिवाळी करणार न्हाय."

आषाढात एका सकाळी अण्णांचा फोन आला. ते मोरीपाशी होते. मागं पाऊस आणि माणसांचा गलका ऐकू येत होता. "वैनीचा दगुड बुडला!" ते ओरडले. "बसमधी बसवलंय तिला. खिडकीला बसलीया. पाणी बघाय बसलीया, कुठली चक्कर आन कुठलं काय! आन ऐक, भाकरीचं पीठ बरोबर घेतलंय तिनं. तुझ्याकडं पीठ चांगलं मिळत न्हाय म्हणती."

मी रजा लिहून दिली आणि स्टँडवर गेले. बस उशिरा आली. आई उतरली, पिठाची पिशवी माझ्या हातात दिली, आणि रस्ता कसा होता असं मी विचारायच्या आधीच म्हणाली, "दोन दगुड ठिवायला पायजे हुते. एक यायचा, एक जायचा. आता जायचं कवा ते कोण सांगणार मला?"

"अण्णा सांगतील की."

"भावजी?" आई चालता चालता थांबली. "त्येंचं काय, त्ये टाचा वर करून सांगतील."